बुरूड राजाचा कोट

हॉलभर हशा पिकला. त्यात माझी आठ वर्षांची लेकही हसली. का हसायचं ते तिला ठाऊक नव्हतं. सगळे हसले म्हणून ती हसली.

दोन हजार आठचा पावसाळी नोव्हेंबर. कॅनडात, बर्नाबीतल्या कम्युनिटी सेंटरात मराठी मंडळाचा कार्यक्रम. विषय, प्राचीन पुण्यनगरी. कुणी काशीवर बोललं, कुणी द्वारकेवर. मी सोपाऱ्यावर बोलले. माझ्या गावावर, आजच्या नालासोपाऱ्यावर.

आज जिथे इमारतीला इमारत चिकटलीय, तिथे मोठं बंदर होतं. तिथल्या एका व्यापाऱ्याने बुद्धासाठी चंदनाचा विहार बांधला, अशी कथा आहे. अशोकाने आपल्या आज्ञा तिथे दगडावर कोरवल्या. मग खाडी गाळाने भरली. जहाजं दुसरीकडे गेली. भिक्षू गेले. पोर्तुगीज आले, तेही गेले. शहराचं खेडं झालं. तिथल्या बौद्ध स्तूपाचं टेकाड झालं, आत काय पुरलंय ते गाव विसरलं. शेकडो वर्षांनी खणलं तेव्हा दगडी पेटी निघाली. डबीत डबी, आणि सगळ्यांत आतल्या सोन्याच्या डबीत बुद्धाच्या म्हणतात त्या मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे.

"तोवर लोक त्या टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हणायचे," मी म्हणाले.

मंडळाचे अध्यक्ष निवृत्त डॉक्टर. फार पूर्वी कॅनडात आलेले, सगळ्यांचे काका. त्यांनी शेजारचा माइक उचलला.

"बुरूड राजा? म्हणजे सिंहासनाऐवजी टोपली उपडी घालून बसत असणार."

तेव्हा तो हशा पिकला.

माझे वडील बुरूड. त्याच टेकाडाच्या सावलीत बांबू फोडायचे. सुपं, टोपल्या विणायचे. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. मला म्हणायचे, "भर दुपारी कान लाव. आतून कोयता ऐकू येतो. आपला राजा अजून कामाला बसलाय." मी टेकाडाच्या तापलेल्या विटांना कान लावायची. आवाज यायचा. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या हॉलमध्ये, त्या हशाच्या खालून, मला तो आवाज आला. खट. खट.

हशा ओसरला आणि पहिल्या रांगेतून लेकीने विचारलं, "आई, व्हाय इज इट फनी?"

मी माइक सोडला नाही.

"काका, माझे वडील बुरूड होते. त्यांनी विणलेल्या सुपांत लोकांनी आपली तान्ही बाळं निजवली. यात हसण्यासारखं काय, ते माझ्या मुलीला सांगा."

काका चष्मा पुसत राहिले. कुणीतरी म्हणालं, चला, चहा घेऊ.

किचनपाशी काकूंनी, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोने, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, आम्हाला कधी वाटलंच नाही. तू अगदी आमच्यातलीच वाटायचीस."

मी तो हात बाजूला केला.

पुढच्या आठवड्यात काकांचा फोन आला. "स्मरणिकेत तुझं भाषण घेतोय. फक्त ते बुरूडाचं वाक्य काढतो. मुलांना जातीबीती कशाला? इथे कॅनडात आपण सगळे एकच."

"हसताना एकच होतो का, काका?"

ते म्हणाले, "वाक्य ठेवायचं तर लेख ड्रॉप करावा लागेल."

"करा."

लेख आला नाही. मंडळातल्या पोटलक जेवणांची बोलावणी थांबली. लेकीला मैत्रिणीच्या वाढदिवसालाही बोलावलं नाही. ती घरी येऊन रडली. मी तिला जवळ घेतलं नाही आधी. समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. गावाचं, टेकाडाचं, तिच्या आजोबांचं.

तिने डोळे पुसले. "सो वी आर नॉट किंग्ज?"

"नाही. आपण बुरूड. आणि कुणी विचारलं तर हे हळू आवाजात सांगायचं नाही."