स्वतःची लाईन

माझे वडील मोटारी भरायचे. म्हणजे विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळून द्यायचे. पलूसच्या स्टँडमागे त्यांचं दुकान होतं आणि तिथे त्यांचा एकच हट्ट चालायचा, तार चांगलीच वापरणार. कुणी ‘जरा हलकी घाला, हंगामापुरती चालली तरी बास’ म्हणालं, की ते मोटार उचलून गिऱ्हाइकाच्या गाडीत परत ठेवत. घरातही तेच. छत्री घेतली तरी अशी, की मोडायचं नाव काढायची नाही. स्वस्तातलं घेण्यात त्यांना अपमान वाटायचा.

फोनच्या बाबतीत मात्र त्यांनी हलकं काम चालवून घेतलं. अर्ज केव्हाच केला होता, पण नंबर लागत नव्हता. तेवढ्यात अक्का, माझी थोरली बहीण, लग्न होऊन पाटणला गेली. समोरच्या किराणा दुकानदाराकडे फोन होता. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी आपल्या फोनवरून वायर ओढून गल्लीतल्या दोन-तीन घरांना दिली होती. त्याला पॅरलल म्हणायचे. कायद्यात बसत नव्हतं, खिशात बसत होतं. आम्हीही घेतली. लिंबाच्या फांदीवरून आणि न्हाणीच्या पत्र्यावरून ती वायर आमच्या खिडकीत यायची. तिला इतके जोड होते की वडील त्या बाजूला बघतच नसत.

अक्का रविवारी बाजारातल्या एसटीडी बूथवरून फोन करायची, कारण रविवारी दर कमी असे. कानात नुसती खरखर. त्यात गल्लीतलं कुणीतरी रिसीव्हर उचलून गुपचूप ऐकत बसलेलं. आई ओरडायची, “बरी हाईस का?” तिकडून ओरडून यायचं, “बरी हाय.” ओरडून माणसाला तेवढंच बोलता येतं, दुःख काही ओरडून सांगता येत नाही. तिची उत्तरं दिवसेंदिवस तुटक होत गेली आणि आम्ही लाईनला शिव्या देत राहिलो.

पुढे आमचा नंबर लागला. तेव्हा अण्णा स्वतः घरी आले.

“मिस्त्री, कशाला खर्चात पडताय? हाय ती चालतीय की.”

“चालतीय, पर लेक काय बोलती तेच कळंना, अण्णा,” वडील म्हणाले.

हे त्यांनी इतक्या मायेनं म्हटलं की मला त्यांचा अभिमान वाटला. मी तेव्हा सांगलीला कॉलेजला जात होते आणि बापाचा अभिमान वाटण्याचं माझं वय जवळजवळ सरलं होतं. लाईनमन आला त्या दिवशी वडिलांनी घरातली वायर स्वतः आणून दिली. अखंड, मध्ये एकही जोड नाही. आईने फोनवर घालायला क्रोशाचा रुमाल विणला. मी अक्काला पत्राने नवा नंबर कळवला.

पहिल्या रविवारी फोन वाजला तेव्हा रिसीव्हर वडिलांनी उचलला. आम्ही दोघी त्यांच्या खांद्याशी कान लावून उभ्या. आवाज इतका स्वच्छ, की अक्का माजघरातून बोलतेय असं वाटावं. सवयीने ओरडायला निघालेले वडील एकदम हळू झाले.

“बरी हाईस का, बाळ?”

 तिचा श्वास ऐकू आला. मग तिच्या अगदी शेजारून एक दबका पुरुषी आवाज आला, “बरी हाय म्हण.”

“बरी हाय,” अक्का म्हणाली.

“दिवाळीला जमनार न्हाई म्हण.”

“दिवाळीला यायला जमनार न्हाई, आबा.”

आवाज दाजींचा होता. त्यांना जुन्या लाईनची सवय. बूथमध्ये कुजबुजलेलं पलूसला ऐकू जाईल, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

 वडिलांनी रिसीव्हर ठेवला, रुमाल नीट केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कऱ्हाडमार्गे पाटणला गेले. आईने अक्काची गादी उन्हात घातली. ते तिला घेऊनच येणार, याबद्दल आम्हा दोघींना शंका नव्हती.

संध्याकाळी ते एकटेच आले. अक्काच्या सासरी सोप्यात बसून, सासू-सासरे आणि जावई यांच्यादेखत, त्यांनी लेकीला विचारलं होतं.

“बरी हाय म्हनाली,” ते म्हणाले.

आईने कपाळाला हात लावला. “त्यांच्या म्होरं ती दुसरं काय म्हननार? फोनवर तुमी तुमच्या कानानं ऐकलं न्हवतं का?”

वडील ताटावर बसले आणि तसेच उठले.

त्यानंतर अक्काचे फोन बंद झाले. पत्रांना उत्तरं येईनात. फोन वाजायचा तो मोटारवाल्यांचा. मला वडिलांचा भयंकर राग येत होता. परक्याच्या मोटारीत कधी हलकी तार न घालणारा हा माणूस पोटच्या पोरीला तिथे ठेवून आला कसा, हे मला समजत नव्हतं. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. एका रविवारी ते रिसीव्हर उचलून नुसता टोन ऐकत उभे होते, तेव्हा मात्र मी विचारलंच, “आबा, तिला आणली का न्हाई?”

त्यांनी रिसीव्हर सावकाश जागेवर ठेवला. माझ्याकडे न बघता म्हणाले,

“तुझं लगीन व्हायचं हाय अजून.”