डावा पंजा

माझे भावोजी सुऱ्या करतात. ते भट्टीवर पातं घडवायचे आणि माझी ताई त्याला मूठ बसवायची, असा दोघांचा धंदा. पुढे कारखान्याची एक खोली, मागे स्वयंपाकघर, मधे एक दार. ते दार लावलेलं मी कधी पाहिलं नाही. भावोजी बोलायच्या बाबतीत महाकंजूष. त्यांच्या वाटणीचं ताई बोलायची, आणि काही उरलंच तर मी होतेच.

त्यांच्या सुऱ्यांवर कसलीच खूण नसायची. बाकीचे कारागीर पात्यावर आपापला ठसा मारतात, कुणाचा मासा, कुणाचा तारा. भावोजींना विचारलं की म्हणायचे, "कापते ना? मग झालं." खरं कारण वेगळं होतं. सुरी दोघांची, मग ठसा एकाचा कसा मारायचा, इथे त्यांचं घोडं अडलं होतं. तोंडाने कधी कबूल केलं नाही, पण बायकोपासून काय लपतं? वर्षानुवर्षं ते भिजत घोंगडं तसंच पडून राहिलं.

मग ताई आजारी पडली. डॉक्टरांनी बऱ्याच तपासण्या केल्या आणि शेवटी म्हणाले, "घरी न्या, आवडेल ते खायला घाला." असल्या बोलण्याचा अर्थ न कळायला आम्ही काही दूधखुळे नव्हतो. मी कपड्यांची पिशवी घेऊन तिच्याकडे राहायलाच गेले. तिची खाट आम्ही मधल्या दाराशी ओढली, म्हणजे पडल्या पडल्या तिला भट्टी दिसेल.

"अहो," एकदा ती म्हणाली, "जाण्याआधी मला आपल्या सुरीवर ठसा बघायचाय. लोकांच्या घरी आपल्या सुऱ्या बेवारशी असल्यासारख्या राहतात."

भावोजी खडू घेऊन फरशीवर बसले. आधी पान काढलं. "हे भाजीवाल्याला द्या," ताई म्हणाली. मग पक्षी काढला. "हा पक्षी आहे की चप्पल?" मी विचारलं. दोन दिवस आम्ही बहिणींनी त्यांना नको नको केलं. शेवटी त्यांनी एक हाताचा पंजा काढला. डावा.

ताई डावखुरी. लहानपणी त्यापायी तिने आईचा भरपूर मार खाल्ला होता. भावोजींनी मात्र लग्नानंतर तिला पहिली भेट दिली ती डाव्या हाताने चालवायची भाजीची सुरी. पात्याला एकाच बाजूने धार, तीही उलट्या अंगाने. मी त्या सुरीने काकडी चिरायला घेतली की चकती हमखास तिरकी.

ताई फरशीवरच्या त्या पंजाकडे बघत राहिली. "हा माझा हात झाला. मग तुमचं काय?"

"माझं बास झालं."

माझे डोळे भरून आले, म्हणून मी म्हटलं, "भावोजी, हात दाखवून अवलक्षण करून घ्याल हं!" ताई हसली आणि मग तिला कितीतरी वेळ धाप लागली.

ठसा कोरायचा तो रबरी शिक्क्यासारखा उलटा, म्हणजे पात्यावर सुलटा उमटतो. आणि तो मारायचा पातं लाल असताना. त्यानंतर पातं तापवून पाण्यात बुडवतात, ते कडक होतं, आणि मग त्यावर घाव घातला तर तडकतं. ठसा आधी, पाणी नंतर, हे भावोजींना झोपेतसुद्धा पाठ. पण जन्मात स्वतः कधी ठसा कोरला नव्हता, आणि आता घाई झालेली. त्यांनी खाटेवरचा ताईचा हात बघून तो जसाच्या तसा कोरला. पात्यावर मारला, तर उमटला उजवा पंजा.

"झाला का?" ताईने खाटेवरून विचारलं.

"अजून नाही," म्हणत त्यांनी ते पातं भंगाराच्या डब्यात टाकलं आणि पोलादाचा नवा तुकडा कोरायला घेतला.

दुसऱ्या दिवशी ते कोळसा आणायला गेल्यावर ताई मला म्हणाली, "तो डबा आण बघू. काल बोलताना यांनी माझ्याकडे बघितलं नाही." तिने पातं उचललं, उजेडात धरलं आणि पोट धरून हसत सुटली. "अगं बाई! माझा हात बघून कोरला आणि स्वतःचा उमटवला!"

"सांगूया त्यांना?"

"मुळीच नाही. ते स्वतः दाखवतील. मग मी पहिल्यांदाच बघितल्यासारखी पुन्हा हसेन. तू आपली आळीमिळी गुपचिळी."

त्या पात्याला तिने उशीला टेकून, थांबत थांबत मूठ बसवली. भावोजी बाहेर असतील तेवढाच वेळ काम. मुठीचं माप घ्यायची तिला गरज नव्हती, त्यांचा हात तिला माहीत होता. पातं कच्चंच, पाणी न दिलेलं, त्याने लोणीसुद्धा धड कापलं नसतं. "ठसा त्यांचा, मूठ माझी," ती म्हणाली आणि सुरी गादीखाली सरकवली. रोज संध्याकाळी ती भावोजींना विचारायची, "झाला का हो?" विचारताना ओठ दाबून हसू आवरायची. भावोजी मान खाली घालून म्हणायचे, "होईल."

एका सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा ती उठलीच नाही.

समाचाराला येणारी माणसं यायची थांबली, तेव्हा भावोजींचा नवा ठसा पुरा झाला. या वेळी बिनचूक डावा. स्वयंपाकघरातून त्यांनी ताईची भाजीची सुरी आणली, ऐरणीवर ठेवली, आणि मी अहो अहो म्हणेपर्यंत तिच्यावर ठसा धरून हातोडा हाणला. ठसा आधी, पाणी नंतर हे ज्यांना झोपेतसुद्धा पाठ, त्यांनीच. टण्णकन आवाज झाला आणि सुरीचे दोन तुकडे पडले.

ते तुकडे मांडीवर घेऊन भावोजी जमिनीवर बसले. मला बघवेना. मी गादीखालची सुरी काढून त्यांच्या हातात दिली. उजव्या मुठीत ती बरोबर बसली. त्यांनी ठशावरून अंगठा फिरवला.

"हे तिने बघितलं होतं?"

"हो."

"हसली?"

"पोट धरून."

भावोजी लहान मुलासारखे रडायला लागले. "मग मला का नाही बोलावलं तिने?"

"रोज संध्याकाळी बोलावत होती ना," मी म्हटलं. "झाला का, म्हणून."