अकरावे तोंड

आमच्या गल्लीखालून एक ओढा वाहतो, हे आजच्या नंदुरबारमध्ये फारच थोड्यांना ठाऊक असेल. इ. स. १९०९ मध्ये गल्लीतील रहिवाशांनी तो काळ्या फरशांनी झाकून घेतला. ते काम हबीब गवंडी यांचे. मी त्यांच्या समोरच्या घरात राहत असे आणि भूमापन कचेरीत नकाशे काढण्याची नोकरी करीत असे. म्हणून पुढील हकिकत मी जशी पाहिली त्याच क्रमाने लिहितो.

हबीबचाचांची एक पद्धत होती. दर तीस पावलांवर ते एक लहान फरशी चुन्याशिवाय, नुसती बसवीत, आणि तिची खडबडीत बाजू वर ठेवीत. सफाईसाठी उतरलेला माणूस एका तोंडातून आत शिरे, गाळ काढीत पुढे सरके, आणि पुढच्या तोंडाची फरशी खालून खांद्याने उचलून बाहेर येई. वरून तीच फरशी काढायला पहार आणि दोन माणसे लागत. अशी एकोणीस तोंडे होती. त्यांचा नकाशा कोणी केला नव्हता. तो चाचांच्या डोक्यात होता आणि कोणी विचारले की ते पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत तोंडपाठ सांगत.

१९२९ मध्ये त्यांच्या मुलीचे, रशिदाचे, लग्न ठरले. वरात दाराशी येणार आणि दारातच एका तोंडाचा तो ओबडधोबड दगड. चाचांनी त्याच्या कडा चुन्याने भरल्या आणि त्यावर पाहुण्यांसाठी ओटा बांधला. गूळ आणि बेलफळाचा गर घालून आठ दिवस घोटलेला चुना होता तो. एकोणिसांपैकी एक तोंड गेले तर काय बिघडते, असे ते मला म्हणाले होते. मीही काही बोललो नाही.

सप्टेंबर १९३४ मध्ये गटार तुंबले. सफाईला दलपत आला. तो नवापूरकडच्या डोंगरातला, बायको रमीबाईसह गावात मजुरीला राहिलेला, बारीक अंगाचा आणि थट्टेखोर माणूस. हबीबचाचा ओट्यावर बसून त्याला तोंडे सांगू लागले: तुंबारा अकरा आणि बारा यांच्यामध्ये असणार, दहाव्यात उतर, अकराव्यातून निघ. पंचवीस वर्षांपूर्वी बांधलेले गटार त्यांच्या डोळ्यांपुढे होते, पाच वर्षांपूर्वीचा ओटा नव्हता. मी माझ्या दारात उभा राहून तेच ऐकत होतो.

दलपत हसून शेजाऱ्यांना म्हणाला, “चाचाले घरनी वाट याद नही ऱ्हास, पन गटारनी याद ऱ्हास.” सगळे हसले. चाचाही हसले. दलपत दहाव्या तोंडातून आत गेला.

अर्ध्या तासाने पूर्वेकडच्या शेतांवर जोराचा पाऊस झाल्याचा निरोप आला आणि त्यापाठोपाठ ओढ्याचे पाणीही आले. दहाव्या तोंडाशी ते फेसाळत वर उसळू लागले. मागे फिरण्याची वाट बंद झाली होती; पुढे तुंबारा होता.

चाचा ओट्यावरच होते. एकाएकी ते ताठ झाले. पुढे त्यांनी मला सांगितले, की आवाज ऐकू येण्याआधी दलपतचा खालून आलेला ठोका त्यांना मांडीखाली जाणवला.

“मी अकरावावर बशेल शे,” एवढेच ते म्हणाले.

पहार त्यांनीच घेतली. आम्ही चौघे हाताशी होतो. चुना पहारीला दाद देईना; तिच्या टोकाने नुसते पांढरे ओरखडे उठत होते. खालचे ठोके प्रथम जलद होते, मग अंतराअंतराने येऊ लागले, मग थांबले. ठोके थांबल्यावरही चाचा घाव घालीत राहिले. फरशी निघाली तेव्हा तास उलटून गेला होता. दलपतचा खांदा दगडाच्या अगदी खाली होता आणि सोलून निघाला होता.

लोक म्हणाले, पाण्यापुढे कोणाचे चालते? पंचनाम्यातही अचानक आलेल्या पाण्याचे कारण लिहिले जात होते. चाचांनी आपला कबुलीजबाब त्यात घालायला लावला. मग ते रमीबाईकडे गेले आणि काहीही न वगळता सारे सांगितले. तिने एकच विचारले, त्या वेळी तुम्ही कुठे बसला होता? चाचांनी तेही सांगितले. ती उठून आत गेली आणि त्या आठवड्यात गाव सोडून डोंगराकडे निघून गेली.

ओटा पुन्हा बांधला गेला नाही. पुढच्या महिन्यात चाचांनी मला नकाशा काढायला सांगितला. अकरा दिवस आम्ही गल्लीतून फिरलो. ते पावले मोजीत आणि मी साखळीने अंतर पडताळीत असे. या वेळी प्रत्येक फरशी त्यांनी वर काढायला लावून स्वतः पाहिली. पाठ असलेल्यावर आता त्यांचा विश्वास उरला नव्हता. आणखी तीन तोंडे इतरांनी बुजवलेली सापडली. ती त्यांनी स्वतः मोकळी केली.

नकाशा पुरा झाल्यावर मी अकराव्यापाशी ‘खुले’ असे लिहिले. वस्तुस्थिती तीच होती. चाचांनी बोट ठेवून ते खोडायला लावले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे तेथे आजही असे आहे: ‘बंद, १९२९ ते १९३४. हबीब गवंडी.’

१९४१ मध्ये ते वारले. नकाशा माझ्यापाशी आहे. त्या नावाखाली दुसरे एक नाव लिहिण्याइतकी जागा मी तेव्हा मोकळी ठेवली होती. ते नाव, माझे, आज लिहीत आहे.