बर्फवाल्याचा गोलरक्षक

भोकरदनच्या तहसीलसमोर मी अर्जनवीस आहे. शेजारी एक बर्फवाला बसतो. बर्फावरची हॉकी तो मोबाईलवर पाहतो, त्यामुळे मीही पाहू लागलो. जिवंत व मयत थोर खेळाडूंतून आम्ही एकदा आळीपाळीने संघ निवडले. हरणाऱ्याने जिंकणाऱ्यास ‘उस्ताद’ म्हणावे, अशी अट होती. मी सर्व गोल करणारे घेतले. त्याने नेहमीप्रमाणे आधी बर्फावरचे गोणपाट झटकले, मग गोलरक्षक मागितला.

पंच नेमलेल्या चहावाल्याने निकाल दिला, “साहेब, तुमच्याकडं अडवायला कोणीच न्हाई.”

तेवढ्यात माझे पक्षकार आले. त्यांच्यादेखत बर्फवाल्यास ‘उस्ताद’ म्हणणे माझ्या प्रतिष्ठेस बाधक होते. तो बर्फ फोडत राहिला. ते गेल्यावर हळूच म्हणाला, “आता म्हणा, साहेब.”

मी म्हटले, आणि स्पष्ट आवाजात म्हटले.