मागची काच, एकदम स्वच्छ

मी संशयी माणूस नाही. शनिवारी सकाळी नांदेडात भाड्याची गाडी ताब्यात घेताना मी तिचा फक्त सतरा मिनिटांचा व्हिडिओ काढला, एवढंच.

गाडीवाले जुने ओरखडे आपल्या माथी मारतात, असं ऐकून होतो. म्हणून वाकून, उकिडवा बसून, एकदा तर पालथा पडून मी बोलत गेलो, "डावं दार, दोन ओरखडे. नंबराची पाटी काळी, पिवळे आकडे, ठीक. मागची काच, एकदम स्वच्छ." मालक चहा पीत शांतपणे बघत होता. ते शांत बघणंही मला खटकलं.

अहमदपूरपर्यंत मागून टकटक येत राहिली. गाडीत काहीतरी लपवलंय, अशी माझी खात्रीच झाली. तीनदा थांबून शोधलं. चौथ्यांदा बायको म्हणाली, "अहो, माझा करंज्यांचा डबा हाय तो." (करंज्या मामांसाठी होत्या. मामा म्हणजे माझे सासरे. देवणीत त्यांचं किराणा दुकान आहे.)

खरा घोळ देवणीत झाला. मामा दुकानाच्या पायऱ्या उतरले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "घेतली का शेवटी, जावईबापू?"

लग्नापासून ते मला हेच विचारत आलेत. 'भाड्याची' एवढा एक शब्द पुरला असता. मी हसलो. फक्त हसलो! कबूल करतो, इतकं खोटं मी तोंड उघडूनही कधी बोललो नव्हतो.

लगेच सासूबाई ओवाळायला आल्या. बॉनेटवर भस्माचे तीन पट्टे उमटले, चाकांखाली लिंबं चिरडली, गल्लीभर पेढे गेले. बायको माझ्याकडे बघत होती आणि मी पेढ्याकडे. जेवून जरा डोळा लागला. उठून बघतो, तर ट्रॅक्टरवर नावं रंगवणारा पेंटर ब्रश पुसत होता. मागच्या काचेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाल-पिवळ्या ऑइलपेंटमध्ये 'मामांचा आशीर्वाद'. खाली शिंगं उगारलेला देवणी बैल. मामा चहा पीत शांतपणे बघत होते. त्यांच्यावर मात्र मला कसलाही संशय आला नाही.

रविवारी संध्याकाळी नांदेडात मालक गाडीच्या मागे गेला आणि तिथंच थबकला. "ते आधीपासूनच होतं," माझ्या तोंडून निघून गेलं. देवाशपथ, मला तसं म्हणायचं नव्हतं.

"असं? मग तुमचा व्हिडिओ लावा की, साहेब."

लावला. माझाच खणखणीत आवाज आला, "मागची काच, एकदम स्वच्छ."

ब्लेड आणि टर्पेंटाइन घेऊन मी काच खरवडायला बसलो. बैलाच्या दुसऱ्या शिंगापर्यंत आलो आणि मन फारच खाऊ लागलं. तिथूनच मामांना फोन लावून सगळं सांगून टाकलं.

"जावईबापू," मामा म्हणाले, "काळ्या पाटीवर पिवळे आकडे म्हणजे भाड्याची गाडी, हे आमच्या बैलालाबी ठावं हाय. तुम्ही कवा बोलता, तेच बघून राहिलो होतो. पूजेला बोलला न्हाईत, म्हणून पेंटर बोलावला."

घरी येऊन मी व्हिडिओ पुन्हा लावला. काळी पाटी स्वच्छ दिसते. पिवळे आकडेही दिसतात. आणि पालथा पडलेला मी, पूर्ण खात्री करून घेऊन, म्हणतो, "ठीक."