पाठीमागची महादेवी

फोनवर महादेवीची धाकटी बहीण होती. "मालूताई, अक्का गेली." मी नेहमीच्या दणक्यात विचारलं, "कुठं गेली?" पलीकडं बराच वेळ कुणी बोललंच नाही… मग मला कळलं. साध्या तापाचं निमित्त झालं. त्याला आता दीड महिना होईल. तेव्हापासून घरात मी कुणाला काही विचारलं आणि उत्तर आलं, तरी वाटत राहतं, अजून कुणीतरी बोलायचं राहिलंय.

माझा आवाज असा की नेसरीत हाक मारली तर गडहिंग्लजच्या स्टँडवर एसटी थांबायची. महादेवी नेमकी उलटी. नव्वदच्या दशकात एम.एस्सी.ला असताना कोल्हापूरच्या राजारामपुरीत आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. ती सीमेकडच्या गावातली. घर कन्नड, शाळाही कन्नड. इथं वर्गात इंग्रजी आणि चहाच्या गाड्यावर आमची कोल्हापुरी, जिला इंग्रजसुद्धा भिऊन पळाले असतील. तिचं उत्तर कन्नडात निघायचं, मराठीत गाडी बदलायचं आणि इंग्रजीत पोचेपर्यंत सर पुढच्या बाकावर गेलेले असायचे. "मुकी हाय व्हय गं तुझी पार्टनर?" पोरी विचारायच्या. "मुकी न्हाय, तुमच्याशी बोलण्याजोगं काय सापडंना तिला!" मी ओरडायची. महादेवी हसायची. पण त्या दिवशी ताटातलं अर्धं तसंच ठेवायची.

पहिल्या वर्षी लेखीत ती वर्गात पहिली आली आणि तोंडीत नापास झाली. तिचे वडील खोलीवर आले. तिच्याशी कन्नडात काहीतरी हळू बोलले, मग माझ्याकडं वळून मराठीत म्हणाले, "बाई, पुढच्या खेपंला बी तोंडी गेली तर पुस्तकं बांधायची. लग्नाचं पावणं बघून ठेवल्यात." महादेवी मान खाली घालून त्यांच्यासाठी चहा गाळत होती.

पुढच्या वर्षी तोंडीला तिच्यानंतर माझाच नंबर, म्हणून मी प्रयोगशाळेच्या दारात उभी. बाहेरगावचे परीक्षक. एक प्रश्न झाला, दुसरा झाला. ती गप्प, फक्त ओठ हलतायत. "राहू दे," म्हणत त्यांनी चहाचा कप उचलला आणि खिडकीशी जाऊन रंकाळा तलाव तिथून दिसतो की काय, असं बाहेर बघत राहिले. आणि त्यांच्या पाठीला महादेवी उत्तर सांगू लागली! सावकाश, शब्दाला शब्द जोडून, पण बिनचूक. सर चमकून वळले. ती बंद. सर खिडकीकडं वळले. ती सुरू. असं तीनदा झालं. मी सांगताना सातदा सांगते. शेवटी सर वळलेच नाहीत. कप हातातच राहिला, चहावर साय धरली, आणि ती मागचे दोन्ही प्रश्नही पुरे करून मोकळी झाली. पास झाली. पावण्यांना वडिलांनी स्वतः जाऊन नकार कळवला.

पुढं ती गडहिंग्लजकडंच एका कॉलेजात शिकवू लागली. परवा तिथं शोकसभेला गेलते. तिचाच वर्ग, तिच्याच मुली. निम्म्या कन्नड घरांतल्या, दोघी-तिघी लमाणी तांड्यावरच्या. मी विचारलं, "बाईंबद्दल कोण बोलतंय? बोला की!" सगळ्या माझ्याकडं बघत बसलेल्या. मी दुप्पट मोठ्यानं विचारलं. तेव्हा मागच्या बाकावरची एक म्हणाली, "मॅडम, फळ्याकडं तोंड करा की. बाई प्रश्न टाकून फळ्याकडं तोंड करायच्या. मग आमाला बोलाय यायचं."

मी वळले. फळा कोरा. आयुष्यात पहिल्यांदा माझं तोंड आपणहून मिटलं. मग मागून एक आवाज उठला, कन्नडात. थांबला. एका शब्दापाशी अडला, तो ओलांडून पुढं निघाला.

तो आवाज कुणाचा, हे मला वळून बघता आलं असतं. मी फळ्याकडंच तोंड करून उभी राहिले.