माचाखालची शेगडी

पोशीरच्या आबाजीने माथेरानला वीस वर्षं हातरिक्षा ओढली. पुढे एक, मागे दोघे आणि आत बसणारे शेठ दरवर्षी जरा जास्तच वजनदार! पन्नाशीला आला तशी चढावर त्याला धाप लागू लागली. असं किती दिवस निभणार, ही काळजी त्याला जेवताना घास गिळू देईना.

अशात सन सेहेचाळीसच्या थंडीत मुंबईहून दाबकेसाहेब आले. तारे बघायची मोठी दुर्बीण कुठल्या डोंगरावर बसवावी, हे त्यांना ठरवायचं होतं. कड्याजवळ त्यांनी लाकडी माच बांधून घेतला, त्यावर लहान दुर्बीण ठेवली आणि सामान सांभाळायला आबाजीला घेतलं. वरची हवा शांत असली की दुर्बिणीत तारा स्थिर दिसतो, हवा खळबळली की थरथरतो. साहेब रोज दिवेलागणीनंतर ताऱ्याला दहापैकी गुण द्यायचे, शाळामास्तरासारखे. डोंगर पास झाला तर वेधशाळा होणार, वेधशाळा झाली की राखणदार लागणार. आबाजी मनातल्या मनात त्या जागेवर जाऊन बसलासुद्धा.

मग साहेबांची बडदास्त ठेवायला नको? कड्यावरचं वारं बोचरं आणि साहेब भिडस्त, विचारलं तर नकोच म्हणणार. म्हणून आबाजी रोज गुपचूप माचाखाली शेगडी सारायचा. उजेड दिसू नये म्हणून निखाऱ्यांवर राख ओढायचा. वर साहेब खूश. "आमच्या हिने विणलेले मोजे काय उबदार आहेत रे!" म्हणायचे. आबाजी गालातल्या गालात हसायचा.

तारा मात्र रोज नापास. तीन, दोन, परत तीन.

"नाही जमत, आबाजी," एका संध्याकाळी साहेब म्हणाले. "परवा मी निघतो. तूही बघ एकदा."

आबाजीने डोळा लावला. रोहिणी आधणातल्या तांदळासारखी नाचत होती.

"आशी का नाचते, सायेब?"

"गार हवेतून गरम हवा वर चढली की असंच होतं. आकाशातलं राहू दे, दुर्बिणीपाशी चूल पेटली तरी पुरे."

आबाजीची नजर माचाच्या फळ्यांकडे गेली. करायला गेला गणपती आणि झाला मारुती! गप्प राहावं तर डोंगर नापास आणि मरेपर्यंत रिक्षा. बोलावं तर असल्या अडाण्याला राखणदार कोण ठेवील? पण साहेबांचा पडलेला चेहरा त्याला बघवेना. त्याने खाली उतरून शेगडी बाहेर ओढली.

"सायेब, तुमचे मोजे नाय गरम. ही गरम हाय. रोजच हाय."

साहेब असे कडाडले की बोलायची सोय नाही. दोन आठवडे पाण्यात! आबाजीने मान खाली घालून सगळं ऐकलं, शेगडी लांब नेऊन विझवली. आता आपली हकालपट्टीच, अशा तयारीने तो परत आला. साहेब दुर्बिणीला चिकटलेले. थंडीने दात वाजत होते.

"आठ!" ते म्हणाले. "आबाजी, आठ गुण! सगळं पहिल्यापासून करू. महिनाभर मी काही हलत नाही. आणि डोंगर पास झाला तर राखणदार तूच. आपली चूक लपवणारा माणूस इथे चालायचा नाही. ये, बघ."

आबाजीने डोळा लावला.

"आजून हालते, सायेब," तो घाबरून म्हणाला.

साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "ती नाही हलत रे. आधी डोळे पूस."